सीटी मशीन घेताना रात्री दोन वाजता येणारा पेशंट डोळ्यांसमोर ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गात कुडाळ-कणकवली पट्ट्यात एका ट्रस्टचं शंभर खाटांचं रुग्णालय आहे. तिथलं १६-स्लाइस (यंत्राच्या एका फेरीत शरीराचे १६ छेद टिपणारं) सीटी मशीन आता वरचेवर बंद पडतं. कंपन्यांची माणसं १२८-स्लाइस, ड्युअल एनर्जी, एआय अशी नावं घेऊन येतात. एकाने वापरलेलं ६४-स्लाइस मशीन दुरुस्त करून निम्म्या किमतीत द्यायची तयारी दाखवली आहे. यातलं कोणतं घ्यावं, आणि घेतल्यावर ते रोजच्या कामात नीट कसं रुळेल, असं विश्वस्तांनी विचारलं आहे.

माझं मत आधी सांगतो. नवं, मधल्या दर्जाचं, क्ष-किरण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या ६४ ओळींचं मशीन घ्या. ड्युअल एनर्जी (दोन वेगळ्या ऊर्जांवर स्कॅन करण्याची सोय) बजेटात बसली तर घ्या, नाही बसली तर तिच्यासाठी अडून बसू नका. वाचलेल्या पैशांतून रात्रपाळीचा टेक्निशियन, चांगला प्रेशर इंजेक्टर (स्कॅनचं औषध शिरेत वेगाने सोडणारं यंत्र), दोन एसी, डिह्युमिडिफायर आणि क्ष-किरण तयार करणाऱ्या ट्यूबसकटचा देखभाल करार एवढं आधी पक्कं करा. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना मी भारी मशीन संध्याकाळी सहाला कुलूपबंद झालेली पाहिली आहेत, आणि साध्या मशीनवर चोवीस तास उत्तम काम होतानाही पाहिलं आहे. पेशंटचं भलं अशा साध्या मशीनवर जास्त होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता स्लाइसच्या आकड्याबद्दल. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्य सरकारने एचआरसीटीचे (फुफ्फुसांच्या बारीक छेदांच्या सीटीचे) दर बांधून दिले तेही स्लाइसवरून: १६ पेक्षा कमी असेल तर २,००० रुपये, १६ ते ६४ ला २,५०० आणि त्यावर ३,०००. तेव्हापासून तर ‘किती स्लाइसचं?’ हा प्रश्न पेशंटचे नातेवाईकही विचारतात. पण बऱ्याच १२८-स्लाइस मशीनमध्ये डिटेक्टरच्या प्रत्यक्ष ओळी ६४ च असतात. प्रत्येक ओळीतून दोन प्रतिमा काढून आकडा दुप्पट होतो, तसंच १६ ओळींच्या मशीनचं ३२-स्लाइस होतं. यात फसवणूक नाही, ती रीतच आहे. मात्र तुम्ही विचारायचं ते वेगळं: डिटेक्टरच्या ओळी किती, एका फेरीत किती सेंटिमीटर भाग टिपला जातो, एक फेरी किती सेकंदांत होते, जनरेटर किती किलोवॅटचा आहे, टेबल किती वजन पेलतं, आणि दाखवलेल्या सॉफ्टवेअरपैकी कायमचं काय आणि वर्षभरापुरतं काय. शेवटचा प्रश्न विसरू नका. प्रात्यक्षिकात डोळे दिपवणारं सॉफ्टवेअर वर्षाने लायसन्स संपून बंद झालेलं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला तो १ ऑक्टोबर १९७१ ला. तिथून फोटॉन-काउंटिंग डिटेक्टरपर्यंत आपण आलो. अशा पहिल्या मशीनला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. क्ष-किरणांचा आधी प्रकाश करायचा आणि मग वीज, ही मधली पायरी त्यात नाही. एकेक फोटॉन (किरणांचा कण) ऊर्जेसकट मोजला जातो, म्हणून प्रतिमा अधिक बारीक येते आणि किरणोत्सर्गही कमी लागतो. तंत्र अप्रतिम आहे, पुढे ते आपल्याकडेही येईल. पण तुमच्या दारात येणाऱ्या पेशंटचं आज जे अडतं, ते या पायरीवर अडत नाही.

ते अडतं रात्री दोनला. मालवणातल्या एखाद्या आजोबांचा उजवा हात-पाय गळतो, वाचा जाते, घरचे गाडी काढून तुमच्याकडे येतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही हे पाहावं लागतं, आणि ते सीटीशिवाय कळत नाही. गावातून पोचेपर्यंतच दोन तास गेलेले असतात. टेक्निशियन घरून येणार, एसी चालू होणार, मशीन गरम होणार, कॅलिब्रेशन होणार, यात अजून पाऊण तास गेला तर १२८ स्लाइसचा त्या आजोबांना काय उपयोग? पेशंट दारात आल्यापासून पंचवीस मिनिटांत पहिली प्रतिमा पडद्यावर दिसली पाहिजे, एवढं एकच उद्दिष्ट पहिल्या वर्षी ठेवा. त्यासाठी टेक्निशियन आवारात राहणारा हवा आणि मशीन रात्री बंद न करता स्टँडबायवर हवं. स्ट्रोकची शंका आली की कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने कोणालाही न विचारता थेट सीटीला फोन करायचा, अशी लेखी मुभा द्या. पेशंट सीटीच्या टेबलवर जाईल, कागद मागून येतील.

साध्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नसेल तर त्याच बैठकीत, टेबलवरून न उतरवता, छातीतल्या महाधमनीच्या कमानीपासून डोक्यापर्यंत अँजिओ, म्हणजे शिरेतून डाय (रक्तवाहिन्या उजळ दाखवणारं औषध) देऊन केलेला स्कॅन, करून घ्या. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर कॅथेटरने गुठळी काढावी लागते आणि ती सोय तुमच्याकडे नाही. निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंतही हा उपचार होऊ शकतो, म्हणून गोव्याला पाठवायचं की घाट चढून कोल्हापूरला, हा निर्णय त्या अँजिओवर ठरतो. गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज एकाच दमात देता येतं. ते देऊन पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये घालायचा आणि प्रतिमा त्याच्या आधी पुढच्या रुग्णालयात पोचवायच्या. ही साखळी बसली की तालुक्याच्या ठिकाणचं सीटी जिल्ह्याबाहेरच्या तज्ज्ञाच्या हाताशी येतं. माझ्या लेखी ‘प्रगत तंत्रज्ञान’ हेच.

दुसरा मोठा गट अपघातांचा. मुंबई-गोवा महामार्ग तुमच्या उशाशी आहे. शिवाय एप्रिल-मे मध्ये आंबे उतरवताना झाडावरून पडलेले, आणि बाराही महिने माडावरून, पोफळीवरून पडलेले. पाडेली (झाडावर चढून फळं उतरवणारा) पडला की बहुतेक वेळा पाठीच्या कण्यावर किंवा टाचांवर येतो, आणि टाचेचं हाड मोडलं असेल तर कणा पाहिल्याशिवाय त्याला सोडू नये. इथे जुन्या मशीनची खोड नव्या मशीनवरही चालू राहते. पाच मिलिमीटरच्या जाड प्रतिमा काढायच्या, फिल्मवर छापायच्या आणि पातळ प्रतिमा दुसऱ्या दिवशी पुसून टाकायच्या. मानेच्या मणक्यातली बारीक चीर पाच मिलिमीटरमध्ये सहज निसटते. मिलिमीटरच्या प्रतिमा आणि त्यांवरून उभ्या-आडव्या छेदांत केलेली मांडणी प्रत्येक अपघाताच्या पेशंटला आपोआप व्हावी, असं मशीनच्या प्रोटोकॉलमध्येच बसवून घ्या. टेक्निशियनच्या आठवणीवर ते सोडू नका.

अपघातात पोटाचा स्कॅन डायशिवाय करायची सवयही मोडायला हवी. प्लीहा फाटली आहे का, रक्त अजून वाहतंय का, हे साध्या स्कॅनमध्ये धड कळत नाही. ‘क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) आलं नाही’ म्हणून गंभीर जखमीला थांबवून ठेवणं बरोबर नाही. तिथे रक्तस्रावाचा धोका मूत्रपिंडाच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण निम्मे अँजिओ तिच्यापायी बिघडतात. ती म्हणजे इंट्राकॅथ, शिरेत लावायची सुई-नळी. वॉर्डातून पेशंट येतो तो मनगटाच्या मागे निळा, २२ नंबरचा लावून. त्यातून सेकंदाला चार-पाच मिलिलिटर वेगाने डाय जात नाही. जोर लावला तर शीर फुटून औषध हातात पसरतं, हात सुजतो आणि पेशंट पुन्हा कधी स्कॅनला तयार होत नाही. अँजिओसाठी कोपराच्या खोबणीत, शक्यतो उजव्या हाताला, हिरवा १८ नंबरचा लावायचा. शिरा बारीक असतील तर गुलाबी २० नंबरचा चालेल, पण मग वेग कमी ठेवायचा. डायच्या मागोमाग सलाईनची धार हवी. हे वॉर्डातल्या सिस्टरांना एकदा सीटीच्या खोलीत बोलावून, स्क्रीनवर चांगला आणि फसलेला अँजिओ शेजारी शेजारी ठेवून दाखवा. पत्रकाने जे साधत नाही ते त्या दहा मिनिटांत साधतं. कंपनीच्या प्रशिक्षणात हा विषय सहसा नसतोच, त्यामुळे तो तुम्हालाच घ्यावा लागेल.

डाय देताना आपल्या भागातली एक गोष्ट लक्षात ठेवा. पावसाळ्यात ताप, अंगदुखी, कमी झालेली लघवी आणि डोळ्यांत लाली घेऊन येणारा शेतकरी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) असू शकतो. त्याची मूत्रपिंडं आधीच मार खात असतात. त्याला ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून डाय देऊन पोटाचा स्कॅन करू नका. लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्राव होतो तेव्हा छातीचा साधा स्कॅन उपयोगी पडतो, पण लेप्टोचं निदान रक्ताच्या तपासणीने होतं आणि औषध त्याचीही वाट न पाहता सुरू करायचं असतं. एरवी ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा आकडा) ३० च्या वर आणि स्थिर असेल तर डायला उगाच घाबरू नये. ३० च्या खाली असेल किंवा मूत्रपिंडं नुकतीच बिघडली असतील तर फिजिशियनशी बोलून ठरवावं. अशा वेळी मधुमेहाचं मेटफॉर्मिन बंद करून ४८ तासांनी, मूत्रपिंडं तपासून मगच पुन्हा सुरू करायचं. डायची ॲलर्जी पूर्वी आली होती का, हे पेशंटला त्याच्या भाषेत विचारा: ‘पूर्वी स्कॅनचं इंजेक्शन घेतल्यावर अंगावर पित्त उठलं होतं का, दम लागला होता का?’ आणि ॲड्रेनलिन सीटीच्या खोलीतच ठेवा, वॉर्डातल्या कपाटात नको.

किरणोत्सर्गाबद्दल लोक दोन टोकांना असतात, काही जण घाबरून नको म्हणतात तर काही जण दर महिन्याला स्कॅन मागतात. डोक्याच्या एका स्कॅनला साधारण २ मिलिसीव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) आणि पोटाच्या एका फेरीला (फेजला, म्हणजे पूर्ण पोट एकदा टिपण्याला) ८ ते १० धरा. जगभरच्या सरासरीने माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. गरज असेल तिथे हा आकडा अडथळा नाही. पण पोटाचा स्कॅन ‘आधी साधा, मग तीन फेऱ्या’ असा सरसकट केला तर तो चौपट होतो, आणि बहुतेक पेशंटना एक फेरी पुरते. दुसरं, आपल्याकडचे बरेच पेशंट अंगाने सडपातळ असतात. त्यांना १२० ऐवजी १०० किलोव्होल्टवर स्कॅन केला तर बाकी सेटिंग तेच ठेवून किरण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. शिवाय कमी व्होल्टेजला डायमधलं आयोडीन जास्त उजळ दिसतं, म्हणून डायही कमी लागतो. हे करायला नवं मशीन लागत नाही. तुमच्या जुन्या १६-स्लाइसवर १०० ची सोय असेल तर उद्यापासून सुरू करा. मुलांसाठी वेगळे प्रोटोकॉल आणि वेगळी शिस्त हवी. झोपाळ्यावरून पडलेलं, शुद्धीवर असलेलं, उलटी न झालेलं मूल आधी काही तास डोळ्यांखाली ठेवावं. स्कॅनचा विचार त्यानंतर.

ड्युअल एनर्जीचा खरा फायदा तुमच्याकडे मुतखड्यात होईल. दोन वेगळ्या ऊर्जांवर स्कॅन केल्याने खडा युरिक ॲसिडचा आहे की कॅल्शियमचा, हे बरंचसं कळतं. युरिक ॲसिडचा असेल तर औषधाने लघवीची आम्लता कमी करून तो विरघळवता येतो आणि एखादं ऑपरेशन टळतं. संधिवाताच्या दुखऱ्या सांध्यात युरेटचे स्फटिक दिसले की गाऊटचं निदान पक्कं होतं. तुमच्या यूरॉलॉजिस्टला आणि फिजिशियनला विचारा, महिन्याला असे किती पेशंट येतात. उत्तर मोघम आलं तर पैसे दुसरीकडे लावा.

हृदयाच्या सीटी अँजिओची जाहिरात पहिल्या दिवसापासून करावी, असं तुम्हाला वाटत असेल. माझा सल्ला आहे की पहिले सहा महिने करू नका. ६४ ओळींच्या मशीनवर एका फेरीत साधारण चार सेंटिमीटर भाग येतो, म्हणजे पूर्ण हृदय काही ठोक्यांत तुकड्या-तुकड्यांनी टिपावं लागतं. नाडी ६५ च्या खाली हवी, त्यासाठी मेटोप्रोलॉल द्यायचं, जिभेखाली नायट्रोग्लिसरीन द्यायचं, पेशंटला श्वास रोखण्याचा सराव द्यायचा. टेक्निशियनचा हात मेंदू आणि पोटाच्या अँजिओवर बसल्यावर हे जमतं. घाईत केलेला धूसर कोरोनरी अँजिओ पेशंटला विनाकारण कॅथलॅबपर्यंत नेतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे खोटा दिलासा देतो.

खोलीबद्दल कंपनीचा इंजिनियर नकाशा देईल, पण तो नकाशा कोकणासाठी काढलेला नसतो. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांत भिंतींची जाडी विटांच्या किंवा काँक्रीटच्या घनतेवर धरलेली असते. आपल्या इमारती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र असतो, खाणीगणिक त्याची घनता बदलते, आणि सांध्यांत पोकळ्या राहतात. नऊ इंची भिंत आहे म्हणून समाधान मानू नका. रेडिएशन फिजिसिस्टकडून हिशेब करून घ्या, गरज पडली तर काँक्रीटचा थर किंवा शिशाचा पत्रा लावा. अर्थिंगचीही तीच गत. कातळात, तेही मे महिन्यात कोरड्या पडलेल्या, कंपनी मागते तितका कमी रोध सहजी मिळत नाही. खोल बोअर आणि केमिकल अर्थिंगची तरतूद आधीच ठेवा, आणि मोजणी मे महिन्यात करा. पावसात आकडा चांगलाच येतो.

पावसाळ्यातली हवा हा मशीनचा दुसरा शत्रू. रात्री एसी बंद करून सकाळी लावला की गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल भागाच्या) आत दव धरतं. एसी चोवीस तास हवा, दोन युनिट आलटून पालटून, आणि सोबत डिह्युमिडिफायर. बाहेरच्या युनिटच्या जाळ्या खाऱ्या वाऱ्याने लवकर सडतात, त्या लेप दिलेल्या घ्या. जागा ठरवताना २२ जुलै २०२१ चं चिपळूण आठवा, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत कुठवर चढलं होतं ते. तळमजला सोयीचा म्हणून मशीन नेहमी तिथेच जातं. नदी-ओहोळ जवळ असेल तर जोतं उंच घ्या, किंवा मशीनचं टनांतलं वजन पेलणारा पहिला मजला स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडची कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा जनरेटर सीटीसकट रुग्णालयाचा भार पेलणारा हवा, आणि डिझेलचा साठा काही दिवसांचा हवा. यूपीएसचं काम चालू स्कॅन पुरा करण्याचं, त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको.

देखभाल करारात ट्यूब धरली आहे का, हे पांढऱ्यावर काळं करून घ्या. ट्यूब ही झिजणारी वस्तू आहे आणि तिची किंमत कित्येक लाखांत जाते. वापरलेलं मशीन निम्म्या किमतीत मिळतं त्याचं मोठं कारण हेच असतं. ट्यूब किती चालली आहे, सुटे भाग किती वर्षं मिळतील, आणि एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन परवाना प्रणालीत त्या मॉडेलची नोंद होऊ शकते का, याची लेखी उत्तरं मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका. इंजिनियर कुठे राहतो तेही विचारा. जुलैत घाटात दरड कोसळली की पुण्याहून ‘उद्या येतो’ म्हणणारा चार दिवसांनी येतो. गोव्यात किंवा कोल्हापुरात त्याची माणसं असतील तर फरक पडतो.

रात्रीचे रिपोर्ट बाहेरून घ्यावे लागतील, त्यात कमीपणा काहीच नाही. पण इंटरनेटची लाईन मोजा. सीटीची एक प्रतिमा साधारण अर्ध्या एमबीची, अँजिओच्या दीड हजार प्रतिमा म्हणजे पाऊण जीबी. वर पाठवायचा वेग २० एमबीपीएस असेल तर पाच मिनिटांत जातील. २ असेल तर पन्नास मिनिटं लागतील, आणि स्ट्रोकचा पेशंट तेवढा थांबू शकत नाही. फायबर एका कंपनीचं आणि जोडीला दुसरी लाईन दुसऱ्या कंपनीची असं ठेवा, कारण रस्त्याच्या कामात केबल तुटणं आपल्याकडे नित्याचं आहे. रिपोर्ट देणारा डॉक्टर रोज बदलता नको. शक्यतो तेच दोघे-तिघे असावेत, आणि त्यांनी तुमच्या सर्जनशी फोनवर बोलायला हवं.

एआयबद्दल थोडक्यात. मेंदूतला रक्तस्राव शोधून ‘हा स्कॅन आधी बघा’ अशी खूण करणारी साधनं रात्री उपयोगी आहेत, घ्या. प्रतिमेतली खरखर कमी करणारी डीप लर्निंगची पुनर्रचनाही चांगली आहे. पण किरण फार कमी करून प्रतिमा तिच्याकडून गुळगुळीत करून घेतली, तर यकृतातली लहान, फिकट गाठ पुसली जाऊ शकते. किरण हळूहळू उतरवा आणि प्रत्येक पायरीवर रेडिओलॉजिस्टला विचारा.

आणि डॉक्टर. मागणीपत्रावर नुसतं ‘सीटी ॲबडोमेन’ लिहिण्याची पद्धत बंद करा. काय शोधायचं आहे, कधीपासून दुखतंय, आधी काय ऑपरेशन झालंय, क्रिएटिनिन किती, एवढं लिहिल्याशिवाय नियोजित स्कॅन घेऊ नये. आठवड्यातून एक दिवस अर्धा तास सर्जन, फिजिशियन, टेक्निशियन आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून मागचे स्कॅन पाहोत: ऑपरेशनमध्ये काय निघालं आणि सीटीत काय म्हटलं होतं. टेक्निशियनला त्यात खुर्ची द्या, दाराशी उभं ठेवू नका. फेज कधी चुकली हे त्यालाच सर्वांत आधी कळतं.

राहिलं जुनं मशीन. कंपनी ते बदलीत उचलून न्यायला उतावीळ असेल. जागा आणि वीज असेल तर नवं मशीन एक पावसाळा नीट चालेपर्यंत जुनं डोक्याच्या साध्या स्कॅनपुरतं चालू ठेवा, त्याचं लायसन्स आणि दर दोन वर्षांची क्यूए (गुणवत्तेची) तपासणी चालू ठेवून. ते काढायची वेळ आली की भंगारात देण्याआधी एईआरबीकडून डीकमिशनिंगची (मशीन कायमचं बंद करण्याची) कार्यवाही पूर्ण करून घ्या, आणि त्यातले पेशंटचे जुने स्कॅन नव्या साठवणीत उतरवून घेतल्याशिवाय हार्ड डिस्क कोणाच्या हाती देऊ नका.